धामकाठचे पवनार : मेळा, सहल आणि गावाचा इतिहास

मंदिराचा जीर्णोद्धार झाला म्हणजे सर्व गावाला आनंद होणे साहजिक आहे. शिखराला नवा रंग येतो, सभामंडपात फरशी बसते, कळस चढतो आणि गावजेवणाच्या पंगती उठतात. देणगीदारांची नावे पाटीवर कोरली जातात आणि ते योग्यच आहे, कारण कापसाच्या चुकाऱ्यातून दोन पैसे देवासाठी बाजूला काढणे किती कठीण असते, हे या जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगणे न लगे. परंतु या सर्व गडबडीत एक गोष्ट मागे राहून जाते. जुने मंदिर उतरविताना निघालेला कोरीव दगड कोठे गेला, ओट्याखालची झिजलेली मूर्ती कोणाची होती, यात्रा कोणत्या कारणाने सुरू झाली, हे कार्य आटोपल्यावर दोन-चार वर्षांत कोणालाही सांगता येत नाही. दगड नदीत जातो किंवा पायाच्या भरावात दबतो. आठवणी सांगणारे वृद्ध त्याआधीच निघून गेलेले असतात.

जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. या शब्दाचा खरा अर्थ कळण्यासाठी काशी-रामेश्वराला जाण्याचे कारण नाही. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर गेले की धाम नदीच्या काठी पवनार लागते. वर्धा जिल्ह्यात ज्याने शाळेच्या सहलीत पवनारच्या खडकांवर बसून शिदोरी सोडली नाही, असा मनुष्य विरळा. तेथे मेळा भरतो, सहली येतात आणि इतिहासही सांगितला जातो. या तिन्ही गोष्टी एका गावात एकत्र कशा आल्या, हे पाहिले असता आपल्या मंदिराच्या कामी पडेल असे पुष्कळ काही हाती लागते.

जमिनीखालची राजधानी

आजचे पवनार हे साधे शेतकऱ्यांचे गाव दिसते. परंतु त्याच्या जमिनीखाली जुने मोठे गाव दडलेले आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भावर वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन राज्य करीत होता. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही त्याची माता. पती रुद्रसेन याच्या निधनानंतर मुले लहान असता तिने स्वतः राज्यकारभार पाहिला होता. प्रवरसेनाने रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथून आपली राजधानी प्रवरपूर या नव्या नगरात नेली, हे त्याच्या ताम्रपटांवरून कळते. महाराष्ट्री प्राकृतातील 'सेतुबंध' हे रामकथेवरील काव्य याच राजाच्या नावावर आहे.

हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी मांडले. पुढे १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले. त्यात प्राचीन वस्तीच्या खुणा मिळाल्या. मोगल अमदानीतही गावाचे महत्त्व कमी झाले नव्हते. अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून पवनारचे नाव नोंदलेले आहे. सरकार म्हणजे आजच्या हिशेबाने जिल्ह्यासारखा भाग. याउलट आज जिल्ह्याचे ठिकाण असलेले वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसविले गेले. वर्धा जिल्हा नागपूरपासून १८६२ साली वेगळा झाला व आरंभी त्याचे ठाणे पुलगावजवळ कवठा येथे होते. एकेकाळचे सरकार आज खेडे आहे आणि एकेकाळचे खेडे आज जिल्ह्याचे शहर आहे. गावाचे दिवस असे फिरतात. म्हणून कोणत्याही गावाने आपणास लहान समजू नये.

वर्ध्याचे मंदिर आणि पवनारचा दगड

पवनारच्या पुढच्या कथेची सुरुवात वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरापासून करावी लागते. हे बजाज घराण्याचे मंदिर. जुन्या रूढीने ज्यांना अस्पृश्य मानले होते, त्या बांधवांना तेथे प्रवेश नव्हता. ही गोष्ट शेठ जमनालाल बजाज यांच्या मनाला लागून राहिली होती. विश्वस्तांचे मन वळविण्यात त्यांचा पुष्कळ काळ गेला. अखेर जुलै १९२८ मध्ये मंदिराचे दरवाजे सर्वांसाठी उघडले. त्या काळी ही साधी बाब नव्हती. देशातील मोठ्या मंदिरांत असे पाऊल पहिल्याने उचलणारे मंदिर म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्या दिवशी मंदिराचा एक दगडही बदलला नव्हता, तरी त्याचा खरा जीर्णोद्धार झाला असे म्हणावयास हरकत नाही. जे मोडकळीस आले होते ते मनुष्याचे मन होते, आणि त्याचीच डागडुजी झाली.

याच जमनालालजींचा पवनारला धामच्या काठी बंगला होता. विनोबा भावे १९२१ पासून वर्ध्यात राहत होते. १९३८ साली त्यांची प्रकृती फार खालावली, तेव्हा हवापालटासाठी त्यांनी पवनारच्या या बंगल्यात राहावे असे ठरले. तेथे त्यांनी औषधापेक्षा कुदळीचा आधार घेतला. रोज थोडे थोडे शेत खणावयाचे, असा क्रम त्यांनी ठेवला आणि प्रकृती सुधारली.

या खोदकामात जमिनीतून जुने कोरीव दगड निघू लागले. त्यांतील एक मोठा दगड निघाला, त्यावर दोन पुरुषांच्या भेटीचा प्रसंग कोरलेला होता. विनोबांनी तो पाहिला आणि राम-भरताची भेट म्हणून ओळखला. यामागे एक पूर्वकथा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी लिहून घेतली. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लक्ष्मण व भरत यांच्या भक्तीचा दाखला दिला होता आणि राम-भरताच्या भेटीचे चित्र कोणी काढले तर ते किती सुंदर होईल, असा विचार बोलून दाखविला होता. जे चित्र तुरुंगात मनासमोर आले, तेच काही वर्षांनी स्वतः खणलेल्या शेतात दगडावर कोरलेले सापडले. विनोबांनी ती ईश्वराची देणगी मानली आणि त्या मूर्तीची स्थापना केली. पवनारच्या आश्रमातील भरत-राम मंदिर ते हेच.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, हा दगड शेकडो वर्षे त्याच जमिनीत होता. त्यावरून कितीदा नांगर फिरला असेल. एखाद्याने तो फोडून बांधाला लावला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. परंतु खणणाऱ्याला कथा ठाऊक होती, म्हणून दगड वाचला. आश्रमात इतरही शिल्पे जपून ठेवलेली आहेत व ती सर्वांना पाहावयास मिळतात. वाकाटकांच्या काळची अशी शिल्पे विदर्भाचे मोठे धन आहे.

मेळा

पवनारच्या नावाशी पुढे देशाचा इतिहास जोडला गेला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. महात्माजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली होती. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. ज्या काळात सभेचे भाषण हे तुरुंगाचे आमंत्रण असे, त्या काळात पवनारच्या लोकांनी ते ऐकले.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. १२ फेब्रुवारीस त्यांच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत विसर्जित करण्यात आला. नदीच्या पात्रातील छत्री त्या जागेची खूण आहे. तेव्हापासून दरवर्षी १२ फेब्रुवारीला तेथे सर्वोदय मेळा भरत आला. या मेळ्याची एक रीत इतर यात्रांपेक्षा निराळी आहे. तेथे देवाला नारळ-साखर न देता स्वतः कातलेल्या सुताची गुंडी वाहावयाची. एका गुंडीत ६४० तार असतात. यास सूतांजली म्हणतात. देणगी आपल्या हाताच्या श्रमाची असावी, हा त्यातील अर्थ. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाही तेवढेच देता येते, जेवढे श्रीमंताला. गावाच्या जीर्णोद्धारात एकाने लाखाचा धनादेश दिला आणि दुसऱ्याने चार दिवस विटा वाहिल्या, तर देवाच्या वहीत दोन्ही नोंदी सारख्याच पडतात, हे पवनारच्या मेळ्यावरून शिकावे.

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. भगिनींनी एकत्र राहून साधना करावी, आपले शेत, स्वयंपाक व छपाई आपल्याच हाताने करावी आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावेत, असा तो प्रयोग होता. १९७० पासून विनोबा येथेच क्षेत्रसंन्यास घेऊन राहिले व १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ नोव्हेंबर महिन्यात देशभरातील स्नेही मंडळी पवनारला जमत आली आहेत.

सहल

मेळा वर्षातून एकदा येतो, परंतु सहल बारमाही आहे. पूर्वी लोक बंड्या जुंपून निघत. नदीकाठी झाडाखाली बैल सोडायचे, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटायची, पोरांनी पाण्यात डुंबायचे आणि म्हाताऱ्यांनी सावलीत पाठ टेकायची, असा थाट असे. कार्तिकात आवळीभोजन आणि थंडीत हुरडा यांना वेगळे निमंत्रण लागत नसे. पुढे सायकली आल्या, एस. टी. आली, आता मोटारी आल्या. साधन बदलले, तरी नदीकाठी जेवण्याची गोडी तीच आहे.

आपल्या जिल्ह्यात अशा जागांना तोटा नाही. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे व तेथे हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचे लोक श्रद्धेने जातात. टेकडीवर गोल दगडी गोटे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी त्याची कथा आहे. भूगर्भशास्त्राचे म्हणणे असे की, असे गोटे खडकातील खनिजांपासून तयार होतात. मुलाला दोन्ही सांगावे. कथेने त्याला थट्टा न करण्याची शिकवण मिळेल आणि शास्त्राने त्याची नजर जमिनीकडे वळेल. सेलू तालुक्यातील घोराडला बोर नदीच्या काठी संत केजाजी महाराजांचे स्थान आहे. केळझरच्या टेकडीवर गणपती आहे आणि पांडवांच्या काळची एकचक्रानगरी ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. बोर धरणाच्या परिसरातील जंगल १९७० साली अभयारण्य झाले व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून आणतात आणि लहानांचा तो सण मोठ्यांनाही गोड वाटतो.

आणि आष्टीला विसरून चालणार नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचे लोक मोर्चा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला. गावातील माणसे धारातीर्थी पडली आणि ठाण्यावरील पोलीसही मारले गेले. त्या वेळेपर्यंत नागपंचमी म्हणजे वारुळाची पूजा आणि झोका. त्यानंतर आष्टीची नागपंचमी हुतात्म्यांच्या स्मरणाचीही झाली. सणाच्या दिवशी इतिहास सांगितला जातो, म्हणून तो पुसला गेला नाही. पुस्तकात लिहिलेले कोण किती वाचतो, हे सर्वांना माहीत आहे. परंतु सणाला जोडलेली आठवण घरोघर जाते.

इतिहास कसा सांगावा

पवनारला सहल जाते, मुले भजी खातात, छत्रीजवळ उभी राहून फोटो काढतात आणि परत येतात. छत्री कशाची, हे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. यात मुलांचा दोष नाही. सांगणारा बरोबर नव्हता, एवढेच. पूर्वी हे काम कीर्तनकार करीत, पारावरचे वृद्ध करीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गाऊन आणि सामुदायिक प्रार्थनेच्या निमित्ताने गाव एका सतरंजीवर बसविला व गावाच्या भल्याच्या गोष्टी सांगितल्या. आता पारावर टी. व्ही.च्या आणि मोबाईलच्या गोष्टी चालतात. म्हणून वर्षातून एक-दोन संध्याकाळी गावाचा इतिहास सांगण्यासाठी मुद्दाम राखून ठेवाव्या लागतील.

सांगताना एक पथ्य पाळावे. जे पुराव्याने सिद्ध आहे ते तसे सांगावे, जी श्रद्धा आहे ती श्रद्धा म्हणून सांगावी, आणि जेथे मतभेद आहे तेथे मतभेद आहे असे सांगावे. पवनारचेच पाहा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाले व वाकाटककालीन मोठे अवशेष निघाले. तेव्हापासून काही विद्वान प्रवरपूर हे मनसर असावे असे मानू लागले. पवनारच्या काही शिल्पांतील प्रसंगांविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. यामुळे पवनारचे काही कमी होत नाही. राजधानीचा वाद विद्वान सोडवतील. दगड जपला गेला, म्हणून वाद तरी घालता येतो. दगडच फुटला असता तर विचारावयासही काही उरले नसते.

आपल्या गावापुरते

आता हे सर्व आपल्या दारात आणून पाहावे. जीर्णोद्धाराच्या खोदकामात जुनी मूर्ती, कोरीव दगड, नाणी किंवा ताम्रपट निघणे अशक्य नाही. देवळीचा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट इतिहासकारांना सुपरिचित आहे व तो याच जिल्ह्याचा. असे काही निघाल्यास ते कोणी घरी नेऊ नये आणि विकू तर मुळीच नये. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, असे १८७८ च्या कायद्यात आहे. पुरातन वस्तूंसाठी १९७२ चा वेगळा कायदा आहे. तहसील कार्यालयात एक साधा अर्ज दिला तरी पुढची वाट मिळते. कायद्याच्या भीतीने वस्तू पुन्हा पुरून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

ज्या जुन्या दगडांना नव्या बांधकामात जागा नाही, त्यांच्यासाठी मंदिराच्या बाजूला सिमेंटचा एक लहान ओटा बांधावा. तेथे ते ओळीने उभे करावेत. त्यांवर ऑईल पेंट देऊ नये. पेंटाखाली कोरीव काम बुजते व दगडाचा श्वास कोंडतो. काम सुरू होण्यापूर्वी जुन्या मंदिराचे चारही बाजूंनी फोटो काढून एक संच ग्रामपंचायतीत व एक शाळेत ठेवावा.

दगडाइतकेच मोलाचे जुने कागद असतात. मालगुजारी १९५१ साली संपली, परंतु त्या काळचे बंदोबस्ताचे दप्तर संपलेले नाही. निस्तारपत्रकात गावाची गुरेचराई, पांदण, पाणवठा, स्मशान यांच्या नोंदी असतात. वाजिब-उल-अर्जात गावाच्या चालीरीती व हक्क लिहिलेले असतात. देवस्थानाची जमीन कोणती, यात्रेची जागा किती, पाण्यावर कोणाचा हक्क, हे तोंडी भांडणाने ठरत नाही, ते या कागदांवरून ठरते. नकलेचा अर्ज करून आपल्या गावच्या नकला मंदिराच्या कपाटात ठेवल्या, तर पुढच्या पिढीची कित्येक भांडणे कोर्टापर्यंत जाणार नाहीत.

आणि शेवटी माणसांच्या आठवणी. गावात सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुष आहेत, तोवर शाळेतील मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. पूर्वीची यात्रा कशी भरत होती, खडी गंमत आणि दंडार कोण करीत होते, दुष्काळात गावाने काय खाल्ले, पंगतीला कोण कोठे बसत होते, हे सर्व लिहून घ्यावे. त्यातील काही आठवणी अभिमानाच्या निघतील. काही लाजेच्याही निघतील. ज्यांना पूर्वी मंदिराच्या पायरीखाली उभे राहावे लागे, त्यांच्या घरातील आठवण ही देखील याच मंदिराची आठवण आहे. ती वगळून लिहिलेला इतिहास अर्धा राहील. १९२८ साली वर्ध्याने जो दरवाजा उघडला, तो प्रत्येक गावात, पंगतीतही आणि पंचकमिटीतही, मनापासून उघडला आहे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पवनारला धाम नदी आजही वाहते. तिच्या काठच्या खडकांवर पोरे खेळतात, पात्रातील छत्रीला पावसाळ्यात पाणी लागते आणि आश्रमातील भरत-रामाची भेट दगडात जशीच्या तशी आहे. पंधराशे वर्षांपूर्वी कोण्या पाथरवटाने ती घडविली, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. ज्याने खणून काढली त्याने ती आपली म्हणून ठेवून घेतली नाही, सर्वांसमोर मांडली. आपल्या मंदिराचा कळस चढला आहे. आता यात्रेच्या दिवशी, महाप्रसादाच्या पंगती बसण्यापूर्वी, अर्धा तास गावाचा इतिहास सांगण्यासाठी राखून ठेवावा, एवढीच सर्व गावकरी बंधू-भगिनींस नम्र विनंती.